टॅक्सी, रिक्षा आणि भाड्याच्या गाड्यांचा विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळी-पिवळी, रिक्षा, टुरिस्ट टॅक्सी किंवा अ‍ॅपवर चालणारी गाडी ज्यांच्या नावावर आहे, आणि जे ती चालवतात, त्या दोघांसाठी हे पान आहे. मोटार विम्याचा कायदा केंद्राचा असल्यामुळे इथले बहुतेक नियम महाराष्ट्राप्रमाणे गोव्यातही तसेच लागू होतात. परमिट, बॅज, भाडेदर यांच्या अटी मात्र राज्यागणिक वेगळ्या असतात. भाड्याच्या गाडीचा क्लेम अडकतो तो बहुतेक वेळा कागद आणि वापर यांचा मेळ नसल्यामुळे. त्यामुळे त्याच प्रश्नापासून सुरुवात.

माझी गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची आहे. आठवड्यातून दोन-चार भाडी मारतो. तेवढ्यासाठी वेगळा विमा लागतो का?

लागतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा एक परिच्छेद असतो. भाडे किंवा मोबदला घेऊन केलेला वापर, मालवाहतूक आणि शर्यत यांना संरक्षण नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. भाडी दोन मारलीत की दोनशे, याने फरक पडत नाही. ज्या फेरीत अपघात झाला ती भाड्याची होती का, एवढेच तपासले जाते. ते शोधणेही अवघड नसते. पोलीस पंचनामा, जखमी प्रवाशाचा जबाब आणि मोबाईलवरचा पैशांचा व्यवहार, यांतून ते उघड होते.

अशा वेळी तीन बाजूंनी फटका बसतो. पहिला, तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो किंवा कापून मिळतो. अटीचा भंग झाला असला तरी दाव्याच्या कमाल ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात सांगितले होते. पण ते मिळवण्यासाठी अनेकदा ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते. दुसरा, कोणी जखमी किंवा मृत झाले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० खाली कंपनीला बचाव मिळतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने पीडितांना पैसे द्यायला लावले तरी ती रक्कम कंपनी नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. तिसरा, परमिटशिवाय भाडे मारल्याबद्दल कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि तुरुंगवासाची तरतूद आहे. आठवड्याला दोन-चार भाडी मारून जे पैसे सुटतात, त्यासमोर हा धोका फारच मोठा आहे.

पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या गाडीला कायद्याने कमीत कमी किती विमा हवा?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. बाजारात याला ‘लायबिलिटी ओन्ली’ किंवा नुसतेच ‘टीपी’ म्हणतात. दुसऱ्याच्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी त्यात रकमेच्या मर्यादेशिवाय येते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी पॉलिसीत ७.५ लाख रुपयांची मर्यादा असते. ती ६,००० रुपयांवर आणून हप्ता थोडा कमी करून देण्याचा प्रस्ताव कधी कधी पुढे येतो. तो नाकारा. शहरात एखाद्या महागड्या गाडीचा नुसता हेडलाइट फुटला तरी ६,००० पुरत नाहीत आणि वरचे सगळे तुमच्या खिशातून जातात.

विमा नसताना पकडले गेल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही. पुन्हा पकडल्यास दंड ४,०००. पण खरी अडचण दंडाची नाही. विमा नसलेल्या गाडीने अपघात केला आणि कोणी जखमी झाले, तर नुकसानभरपाईची पुरेशी हमी दिल्याशिवाय ती गाडी सोडली जात नाही. हमी दिली नाही तर तिचा लिलाव होऊन पैसे न्यायाधिकरणाकडे जमा होऊ शकतात.

टॅक्सीचा थर्ड पार्टी हप्ता खासगी गाडीपेक्षा इतका जास्त का? तो काढतात कसा?

टॅक्सी दिवसभर रस्त्यावर असते आणि तिच्यात पैसे देऊन बसलेले प्रवासी असतात. म्हणून हप्त्याचे दोन भाग असतात : इंजिनच्या क्षमतेवर ठरणारी मूळ रक्कम, आणि परवानगी असलेल्या प्रत्येक प्रवाशामागे एक रक्कम. हे दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार सहा प्रवाशांपर्यंतच्या चारचाकी टॅक्सीसाठी :

- १,००० सीसीपर्यंत : ६,०४० रुपये, अधिक प्रत्येक प्रवाशामागे १,१६२
- १,००० च्या वर, १,५०० सीसीपर्यंत : ७,९४०, अधिक प्रत्येकी ९७८
- १,५०० सीसीच्या वर : १०,५२३, अधिक प्रत्येकी १,११७

तीन चाकी रिक्षासाठी २,५३९ आणि प्रत्येक प्रवाशामागे १,२१४.

आता हिशेब करून पाहू. ११९७ सीसीची, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आसनक्षमता ५ असलेली टॅक्सी घ्या. पाचात चालक धरलेला असतो, म्हणून प्रवासी चार. ७,९४० + (४ × ९७८) = ११,८५२. पगारी चालकाच्या जबाबदारीचे ५० रुपये धरून ११,९०२, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १४,०४४ रुपये. याच इंजिनच्या खासगी गाडीचा त्याच अधिसूचनेतला दर ३,४१६ आहे. तीन प्रवाशांच्या रिक्षाचे असेच गणित ६,१८१ अधिक ५० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे साधारण ७,३५३ होते. गाडी सीएनजीवर असेल तर थर्ड पार्टीत आणखी ६० रुपये येतात. विजेवरच्या गाड्यांना थर्ड पार्टी दरात १५ टक्के सवलत आहे.

थर्ड पार्टीचा दर सगळ्या कंपन्यांकडे सारखाच असतो. त्यामुळे कोणी ‘टॅक्सीचा टीपी पाच हजारांत करून देतो’ म्हणाला, तर तो खासगी गाडीचा विमा देत आहे किंवा बनावट कागद देत आहे. कोटेशन हातात आले की प्रवासी संख्या आरसीशी ताडून बघा. हप्ता कमी दिसावा म्हणून सहा प्रवाशांच्या गाडीला चार लिहिण्याचा प्रकार होतो, आणि त्याचे परिणाम पुढे प्रवाशांच्या इजेच्या प्रश्नात आहेत. चालक सोडून सहापेक्षा जास्त प्रवासी असतील तर गाडी वेगळ्या गटात जाते आणि दरही बदलतात.

नवीन टॅक्सीला एकदम तीन वर्षांचा टीपी घेता येतो ना?

नाही. १ सप्टेंबर २०१८ पासूनची तीन वर्षांची सक्ती नव्या खासगी चारचाकीसाठी आहे. भाड्याच्या गाडीची पॉलिसी वर्षाची असते आणि दरवर्षी नव्याने करावी लागते. घरात एक खासगी आणि एक पिवळ्या पाटीची अशा दोन गाड्या असल्या की तारखांचा घोळ इथेच होतो.

गाडीत बसलेल्या प्रवाशांना इजा झाली तर कंपनी देते का? जास्त प्रवासी असतील तर?

पैसे देऊन बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी त्या ‘प्रत्येक प्रवाशामागे’ भरलेल्या रकमेत येते. पण ती तेवढ्याच संख्येपुरती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अंजना श्याम प्रकरणात हे तत्त्व घालून दिले. बसची क्षमता ४२ होती आणि आत त्याच्या दुपटीहून जास्त माणसे होती. कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच, असा निकाल लागला. न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या भरपायांपैकी सर्वांत मोठ्या ४२ रकमांची बेरीज कंपनीने भरायची, ती सगळ्यांत प्रमाणशीर वाटायची, आणि उरलेले मालकाने द्यायचे.

वडाप किंवा शेअर रिक्षा चालवणाऱ्यांनी हे गणित स्वतःच्या गाडीला लावून पाहावे. तीनची परवानगी असलेल्या रिक्षात सहा बसले आणि रिक्षा उलटली, तर तिघांच्या हिश्श्याचे ओझे मालकावर येते. एका मृत्यूची भरपाईच अनेकदा लाखांत जाते. शिवाय चालकाशेजारी माणूस बसवल्यामुळे हँडल नीट वळले नाही, असे तपासात आले तर तुमच्या स्वतःच्या गाडीचा क्लेमही अडचणीत येतो. जादा प्रवासी असणे आणि अपघाताचे कारण यांचा संबंध नसेल, तर केवळ संख्येवरून गाडीचा क्लेम पूर्ण नाकारू नये, असे निकाल आहेत. पण संबंध होता की नाही हे सिद्ध करायला वेळ आणि वकील दोन्ही लागतात.

गाडी माझी, पण चालवतो दुसरा. कोणाला काय संरक्षण मिळते?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. मुंबईत रिक्षा आणि टॅक्सी शिफ्टवर चालवायला देणे रोजचेच आहे. सकाळी एक चालक, रात्री दुसरा, आणि मालक घरी. पॉलिसी मात्र मालकाच्या नावाने आणि त्याच्याच सोयीने घेतलेली.

पॉलिसीतले तीन भाग वेगवेगळे ओळखायला हवेत.

मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा : १५ लाख रुपयांचा. तो फक्त आरसीवरच्या मालकाला लागू होतो, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. शिफ्टवरचा चालक यात येत नाही. गाडी कंपनीच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावावर असेल तर हा भाग घेताच येत नाही. तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा स्वतंत्र अपघात विमा असेल तर तो दाखवून इथे पुन्हा पैसे भरणे टाळता येते.

पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी : पॉलिसीत ‘आयएमटी २८’ असा उल्लेख शोधा (आयएमटी म्हणजे पॉलिसीला जोडल्या जाणाऱ्या ठराविक कलमांचे क्रमांक). प्रत्येक चालकामागे ५० रुपये. कामावर असताना चालकाला इजा किंवा मृत्यू झाला तर कर्मचाऱ्यांच्या भरपाईच्या कायद्याखाली मालकावर जी जबाबदारी येते, ती यामुळे कंपनी उचलते. ५० रुपये वाचवण्याचे काहीही कारण नाही. तरी लायबिलिटी पॉलिसींमध्ये ही ओळ बऱ्याचदा कोरी सापडते.

पगारी चालकाचा वैयक्तिक अपघात विमा : ‘आयएमटी १७’. हा ऐच्छिक आहे. चूक कोणाची, चालक नोकर होता की शिफ्टचे पैसे देऊन गाडी घेत होता, या वादात न पडता ठरलेली रक्कम मिळते. ‘पगारी’ या शब्दावरून नंतर वाद होऊ नये म्हणून चालकाचे नाव, लायसन्स क्रमांक आणि व्यवस्थेचा प्रकार एका कागदावर लिहून दोघांनी सही करून ठेवा. चालकांनीही गाडी हातात घेण्याआधी मालकाकडे पॉलिसीची प्रत मागावी. ती मागणे हा चालकाचा हक्क आहे, कारण अपघातानंतर पोलीस स्टेशनात उभा राहणारा पहिला माणूस तोच असतो.

टॅक्सी चालवायला ट्रान्सपोर्टचे वेगळे लायसन्स हवे का? नसेल तर विमा रद्द होतो का?

७,५०० किलोपेक्षा कमी वजनाची वाहतूक गाडी साध्या एलएमव्ही (हलके मोटार वाहन) लायसन्सवर चालवता येते. मुकुंद देवांगन प्रकरणात २०१७ मध्ये हे ठरले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केले. त्यामुळे ‘लायसन्सवर ट्रान्सपोर्ट लिहिलेले नाही’ एवढ्याच कारणाने टॅक्सीचा क्लेम नाकारला असेल, तर त्याला लेखी आव्हान द्या आणि या निकालाचा उल्लेख करा. ई-रिक्षासाठीच्या खास अटी मात्र तशाच आहेत. सार्वजनिक सेवेच्या गाडीसाठीचा बॅज ही राज्याच्या नियमांतली वेगळी गोष्ट आहे, तो काढलाच पाहिजे.

लायसन्सची मुदत संपलेली असणे ही जास्त गंभीर चूक आहे. मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी ३० दिवसांची मुभा २०१९ च्या दुरुस्तीनंतर राहिलेली नाही. ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांचे असते, ही तारीख मालकानेही लिहून ठेवावी.

पासिंग संपले होते किंवा परमिटची मुदत गेली होती, आणि अपघात झाला. आता?

दोन्हींचे परिणाम थोडे वेगळे आहेत.

पासिंग, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्र : गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते. कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पासिंग नसलेल्या वाहतूक गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारताना याच वाक्यावर बोट ठेवते. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी पासिंग करून आणले तरी उपयोग नाही. तपासली जाते ती अपघाताची तारीख आणि वेळ.

परमिट : २०१८ मध्ये अमृत पॉल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परमिटशिवाय गाडी वापरणे हा पॉलिसीचा मूलभूत भंग मानला. पीडिताला कंपनी आधी पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. परमिट आहे पण गाडी परवानगीच्या क्षेत्राबाहेर गेली, हा वादही अधूनमधून येतो. शहरापुरते परमिट असलेली रिक्षा लग्नाचे वऱ्हाड घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ नका.

पीयूसीबद्दल (प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राबद्दल) मात्र एक गैरसमज आहे. पॉलिसी करताना वैध पीयूसी मागितले जाऊ शकते, पण अपघाताच्या दिवशी पीयूसी नव्हते एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही, असा खुलासा विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० मध्ये केला आहे.

नुसता टीपी पुरे, की पॅकेज पॉलिसी घ्यावी?

पॅकेज म्हणजे टीपी आणि तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एकत्र. गाडीवर कर्ज असेल तर बँक पॅकेज घ्यायलाच लावते. कर्ज फिटलेले आणि गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर टीपी आणि चालकाचा अपघात विमा एवढे पुरेसे ठरू शकते. मधल्या वयाच्या गाडीसाठी आमचे मत स्पष्ट आहे : ज्या गाडीवर घर चालते, ती महिनाभर गॅरेजात अडकली आणि दुरुस्तीचे पैसेही नसले, तर धंदाच बंद पडतो. पॅकेज घ्या.

क्लेममध्ये किती कापले जाते ते आधी समजून घ्या. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे कमी झालेली किंमत) धरतात. काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : सहा महिन्यांपर्यंत शून्य, मग एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. उदाहरण म्हणून साडेचार वर्षांची टॅक्सी घ्या. बंपर ८,०००, बॉनेट १०,०००, पुढची काच ७,०००. हातात येते ते ४,००० + ६,५०० + ७,००० = १७,५००, त्यातून सक्तीची वजावट वजा. मजुरीवर घसारा लागत नाही, पण रंगाच्या सामानावर लागतो. म्हणून गॅरेजच्या बिलात सुटे भाग, मजुरी आणि रंगाचे सामान वेगवेगळे लिहून घ्या. डेंटिंग-पेंटिंगची एकच गोळाबेरीज दिली की कंपनी ठरलेल्या टक्केवारीने कापते.

रिक्षावाल्यांसाठी खास : कार प्रकारच्या टॅक्सीला लागू नसलेले एक अपवर्जन रिक्षाला लागू असते, ‘आयएमटी २१’. त्यामुळे दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे भाग, बंपर आणि रंग यांचे नुकसान गाडी पूर्ण निकामी झाल्याशिवाय मिळत नाही. रिक्षाला साध्या धडकेत नेमके हेच भाग जातात. ‘आयएमटी २३’ जोडून घेतले की हे भाग येतात. त्यासाठी गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर १५ टक्के जादा भरावे लागतात. आयएमटी २३ नसलेली पॅकेज पॉलिसी रिक्षाला अर्धवटच समजा.

सीएनजी किट नंतर बसवले. विम्यात काय करायचे?

आधी आरटीओत आरसीवर नोंद, मग ती आरसी विमा कंपनीला देऊन एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद. किटच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता गाडीच्या नुकसानीच्या भागात लागतो. नोंद नसलेल्या किटमुळे गाडीला आग लागली तर क्लेम मिळवणे फार अवघड जाते.

खासगी गाडी टॅक्सीत बदलायची आहे. विमा आधी की आरटीओ आधी?

कर्ज असेल तर पहिले बँकेचे ना-हरकत पत्र घ्या. आरटीओकडे अर्ज करण्याआधीच विमा कंपनीला लेखी कळवा आणि व्यावसायिक पॉलिसीचे कोटेशन मागवा. खासगी पॉलिसी रद्द करून नवी देणार की एन्डॉर्समेंट करणार, हेही विचारून घ्या. मग वर्ग बदलाचा अर्ज, कराचा फरक, पासिंग, परमिट आणि नवी पिवळी पाटी. व्यावसायिक पॉलिसीवर नवा नोंदणी क्रमांक, बदललेला वर्ग आणि प्रवासी संख्या आल्याशिवाय पहिले भाडे घेऊ नका. पाटी पिवळी झाली पण पॉलिसीवर अजून जुना क्रमांक आणि ‘प्रायव्हेट कार’ लिहिलेले आहे, अशा गाड्या आठवडेच्या आठवडे फिरत असतात. धोका याच काळात सर्वाधिक असतो.

मी अ‍ॅपवर गाडी चालवतो. कंपनीचा विमा असताना माझा वेगळा कशाला?

केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अ‍ॅप कंपन्यांनी चालकाला किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा द्यावा असे म्हटले होते. यातला कोणताच गाडीचा विमा नाही. कलम १४६ चा थर्ड पार्टी विमा मालकानेच घ्यायचा. अ‍ॅपकडून मिळणाऱ्या अपघात संरक्षणाच्या अटीही वाचा. भाडे स्वीकारल्यापासून ते संपेपर्यंतच ते चालू असेल, तर रिकाम्या गाडीने घरी परतताना ते तुमच्या कामाचे नाही.

जुनी टॅक्सी घेतली. आधीच्या मालकाची पॉलिसी आठ महिने शिल्लक आहे. चालेल?

थर्ड पार्टीचा भाग कलम १५७ प्रमाणे आपोआप तुमच्याकडे येतो. पण विकत घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम ना जुन्या मालकाला मिळतो ना तुम्हाला. ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीसोबत येत नाही. तो जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे तेवढा फरक तुम्हाला भरावा लागतो. परमिटही नावावर झाले का ते बघा.

पॉलिसी खरी आहे हे कसे ओळखायचे?

पीडीएफमध्ये फेरफार करून दुचाकीची पॉलिसी रिक्षाची म्हणून विकली जाते. म्हणून कागदावर विश्वास ठेवू नका. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, क्रमांक थेट कंपनीच्या वेबसाइटवर टाका, आणि काही दिवसांनी सरकारच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर तुमच्या गाडीपुढे तीच मुदत दिसते का पाहा. गाडीचा वर्ग, चासी क्रमांक, प्रवासी संख्या जुळवा. पैसे एजंटच्या खात्यावर न देता कंपनीला थेट भरा. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीची जबाबदारी सुरू होत नाही. चेक वटला नाही आणि कंपनीने पॉलिसी रद्द करून तुम्हाला व आरटीओला कळवले, तर त्यानंतरच्या अपघाताला संरक्षण उरत नाही.

पॉलिसी संपून दहा दिवस झाले. काय करू?

आजच, गाडी उभी ठेवून, टीपी करा. नवी पॉलिसी मागील तारखेने लागू होत नाही, त्यावर छापलेल्या वेळेपासूनच ती सुरू होते. पॅकेज हवे असेल तर गाडीची पाहणी होईल. ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झाले तर नो क्लेम बोनस टिकतो. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो आणि फक्त गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर लागतो, टीपीवर नाही.

गोव्यात पर्यटकांना गाडी स्वतः चालवायला भाड्याने द्यायची आहे. टॅक्सीची पॉलिसी चालेल का?

नाही. चालकाशिवाय भाड्याने देण्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, परवाना वेगळा आणि पॉलिसीही त्या वापराची लागते. पांढऱ्या पाटीची घरची गाडी पर्यटकाला दिली तर पहिल्या प्रश्नातले सगळे धोके इथेही आहेत.

अपघात झाला. पहिल्या तासापासून काय करायचे?

जखमींना आधी दवाखान्यात पोहोचवा, तो कायद्यानेच चालकावर टाकलेला भार आहे. १०८ किंवा ११२ ला फोन करा. गाडी हलवण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या : दोन्ही गाड्यांच्या पाट्या, रस्त्यावरच्या खुणा, आजूबाजूच्या दुकानांचे फलक. जमावाची भीती असेल तर तिथून थेट पोलीस स्टेशन गाठा, घरी जाऊ नका. पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचे असते.

त्याच दिवशी विमा कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवून क्लेम क्रमांक घ्या. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याने, गाडी पाहण्याआधी गॅरेजला एकही भाग उघडू देऊ नका. धंदा बुडतो म्हणून घाईने दुरुस्ती केली जाते, आणि इथेच चांगले क्लेम बुडतात. घटनेचा जबाब एकदाच, खरा आणि सगळीकडे सारखा द्या. पोलिसांकडे एक आणि क्लेम फॉर्मवर दुसरा चालक लिहिला, तर पुढे काहीच वाचवता येत नाही.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलीस पहिला अहवाल ४८ तासांत पाठवतात. त्यानंतर चालकाने नमुना ३ आणि मालकाने नमुना ४ अपघातापासून ३० दिवसांत तपास अधिकाऱ्याला भरून द्यायचा असतो. लायसन्स, परमिट, पासिंग आणि पॉलिसीचा तपशील यातच जातो. हे नमुने भरायचे असतात हे बऱ्याच मालकांना माहीत नसते. ते भरून पोच घ्या.

न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ‘विमा आहे, कंपनी बघेल’ म्हणून बाजूला ठेवू नका. प्रत लगेच कंपनीला द्या, पोच घ्या आणि तारखेला हजर राहा. मालक गैरहजर राहिला की लायसन्स आणि परमिट वैध होते हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि वसुलीचा आदेश त्याच्या अंगावर येतो.

कंपनीने क्लेम नाकारला. दाद कुठे मागायची?

नाकारण्याचे कारण पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख रुपये. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते, पण तिथे पाठपुरावा होतो, निवाडा नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. मात्र तिथे प्रकरण दाखल केल्यावर लोकपाल तेच प्रकरण ऐकत नाही, म्हणून लोकपालाकडे जायचे असेल तर आधी जा.